बदकाची बाजू

ताई, तुझ्या फोटोमागे त्यांनी अमेरिकेतला गरुड लावला आहे. खारघरला तुझ्या क्लासच्या खाली, रिक्षा स्टँडला लागून, भला मोठा फ्लेक्स आहे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये मोरपंखी साडीतली तू, आणि मागे पंख पसरून तो पांढऱ्या डोक्याचा गरुड, जो पनवेलच्या आकाशात कधी फिरकला नाही आणि फिरकणारही नाही. खाली ओळ आहे, 'गरुडाने घेतली अखेरची झेप'. मी रिक्षातून उतरून तो फ्लेक्स नीट पाहिला. खरं तर रडू यायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते हे, की मी गेल्यावर माझ्यामागे कोण काय लावणार आहे? आमच्या शाळेच्या ऑफिसातले लोक फार तर नोटीस बोर्डावर खडूने दोन ओळी लिहितील आणि दुसऱ्या दिवशी त्या पुसून तिथे परीक्षेचं वेळापत्रक लावतील.

तर हे असं आहे. तुझं दहावं नुकतंच झालं आणि मी तुझ्यावर जळते आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट काही बोलत नाही, नुसती जळते आहे, आणि ते काही तुला नवीन नाही.

सायलीशी मी अजून नीट बोललेले नाही. माझी पोटची पोर, कॉलेज खारघरला म्हणून तुझ्याकडे राहायला आली आणि तुझीच होऊन गेली. तुला काय झालंय हे तिला कित्येक महिने ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या सगळ्या फेऱ्या तिने तुझ्याबरोबर केल्या, मला फोनवर 'लायब्ररीत आहे मम्मी' असं सांगून. मला कळलं तेव्हा तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि तू डोळेसुद्धा उघडत नव्हतीस. मला सायलीला एकच विचारायचं आहे, की त्या सगळ्या महिन्यांत तू एकदा तरी माझं नाव काढलंस का. रोज ठरवते आणि रोज 'चहा घेतेस का' एवढंच विचारून मागे फिरते. ती 'नाही' म्हणाली तर मी काय करायचं, हे मला सुचत नाही.

बदक हे नाव तूच ठेवलंस. आईने घरामागच्या खाजणाच्या दलदलीत बदकं पाळली होती, आणि मी फेंगड्या पायांची, दिवसभर त्यांच्या मागे. तू ओट्यावर अभ्यासाला बसलेली. तिथूनच ओरडलीस, "आये, बदकं मोज गो, एक जास्त झालंय." आई हसली, बाबा हसले, शेजारची काकी हसली. मीही हसले, कारण मला वाटलं हे कौतुक आहे. बराच काळ तसंच वाटत होतं. पुढे तू शिकलीस, शिक्षिका झालीस, नोकरी सोडून खारघरला व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग काढलेस, आणि एके दिवशी कुठून तरी तुझ्या हाताला तो गरुड लागला. मग कळलं, की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, गरुड आणि बदकं.

तुझं ते भाषण मी आमच्याच शाळेत ऐकलं. पाहुण्या म्हणून तुला बोलावलं होतं आणि मी मागच्या रांगेत चहाच्या कपांशेजारी उभी होते. तू सांगत होतीस, की वादळ आलं की बदकं दाटीवाटीने काठाला येऊन कलकलाट करतात, आणि गरुड त्याच वाऱ्यावर पंख टेकून ढगांच्या वर जातो. बदकं थव्याने राहतात, गरुड एकटा असतो. बदक चिखलात चोच घालतं, गरुडाला मैलभरावरून सावज दिसतं. पोरं भारावून ऐकत होती. मग तू हसून म्हणालीस, "माझ्या घरातही एक बदक आहे. फार गोड आहे. पण पाणी सोडून कुठे जायचं नाव घेत नाही." मुख्याध्यापिका बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. नंतर तू माझ्या हातचा चहा घेतलास आणि म्हणालीस, "नंदे, साखर कमी आहे."

माझ्या नाकाला त्या दिवशी ज्या मिरच्या झोंबल्या, त्यांची आग पुढे बरीच वर्षं टिकली. लोकांना पक्ष्यांची आवड लागते ती रंगांमुळे, आवाजांमुळे. चिडून पक्षी बघायला लागलेली पनवेलमध्ये मी एकटीच असेन. रविवारी कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींत नाव घातलं, पुस्तकं आणली, आमच्या ह्यांच्या मागे लागून दुर्बीण घेतली. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर ट्रक मोजणारे, त्यांना वाटलं बाईला उतारवयात छंद लागला. छंद कसला? मला तुझ्याशी भांडायला दारूगोळा हवा होता.

आणि मिळाला. तू म्हणायचीस गरुड एकटा असतो. मी वाचून आले, की गरुड एकदा जोडी जमली की बहुधा जन्मभर निभावतो, घरटंही वर्षानुवर्षं तेच डागडुजी करून वापरतो, आणि बरीचशी बदकं दर मोसमाला नवा जोडीदार बघतात. तू लग्न न केलेली, आणि मी लग्नात कायम सासूच्या मर्जीने श्वास घेतलेली. तू फोनवर म्हणालीस, "म्हणजे आपण दोघींनी चुकीचा पक्षी निवडला." तेव्हा आपण दोघी जे हसलो, तसं त्यानंतर कधी हसलो नाही.

आपल्याकडे एक हळदी-कुंकू बदक असतं. चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग, मुळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. मी तुला त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बदकालासुद्धा हळदीकुंकू लागलंय. तुझ्या गरुडाला काय आहे?" तुझं उत्तर आलं, "गरुडाला विष्णू आहे. बदकावर कोण बसतं?" खरंच की. हंसावर सरस्वती, मोरावर कार्तिकेय, उंदरावरसुद्धा गणपती. बदकाला कुठल्याच देवाने विचारलं नाही. दोन दिवस मी डोकं खाजवत होते, पोळ्या लाटताना, मस्टर लिहिताना. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "म्हणूनच त्याला कोणाचं ओझं वाहावं लागत नाही." त्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. मी जिंकले असं धरून आठवडाभर खुशीत होते.

करंजाला गेलो होतो ते आठवतं? सुकी मासळी आणायला. धक्क्यावर उभ्या असताना खाडीवरून समुद्रगरुड आला, पांढरं पोट, राखी पंख, एवढा थोरला. त्याने एका घारीचा पाठलाग सुरू केला. घारीच्या पायात मासा होता. दोन घिरट्या, तिसरीला घारीने मासा टाकला आणि गरुडाने तो पाण्यात पडायच्या आत उचलला. तुझे डोळे भरून आले होते. "बघ नंदे, बघ," म्हणत तू माझा दंड धरलास. मी म्हटलं, "बघितलं. चोरी केली." तू दंड सोडलास. तिथेच आपलं जुंपलं, तुझं ते सामर्थ्य आणि माझी ती लूटमार. समोरची कोळीण बराच वेळ दोघींची तोंडं बघत होती. शेवटी म्हणाली, "बाय, बोंबील घेताव का पाखरं? पाखरं माज्याकडं नाय." आपण निमूट बोंबील घेतले, आणि रिक्षात परत सुरू झालो.

एकदा मात्र मी जरा जास्तच मारलं. सांगितलं तुला, की काही गरुडांच्या घरट्यात अंडी दोन असतात, पण थोरलं पिल्लू आधी अंड्यातून निघतं आणि धाकट्याला टोचून टोचून मारतं, आणि आई शेजारी बसून नुसतं बघते. आपण आईकडेच जेवायला बसलो होतो. तू घास खाली ठेवलास. मला वाटलं आता उठशील. तू म्हणालीस, "धाकटं बदकाचं असतं तर पोहत निघून गेलं असतं. इथेच कशाला बसून राहिलं मार खायला?" आणि मला आणखी एक भाकरी वाढलीस.

तुझी एक गोष्ट मला कधीच सहन झाली नाही, ती चाळिशीतल्या गरुडाची. म्हणे त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात, मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून फोडतो, पिसं उपटून टाकतो, आणि सगळं नवं फुटून पुन्हा तरुण होतो. लोक टाळ्या वाजवायचे. मी तुला किती वेळा सांगितलं, चोच फोडली तर तो खाणार काय? उपाशी मरेल. "नंदे, गोष्ट आहे ती." मग गोष्ट म्हणून सांग की, शास्त्र म्हणून कशाला सांगतेस? खरं काय होतं तेही मी तुला सांगितलं होतं. गरुडाची पिसं एकेक करून गळतात आणि एकेक करून येतात. तो उडतच असतो, आपल्याला खालून काही कळत नाही. बदकाची उडायची पिसं मात्र एकदम गळतात, आणि ती परत येईपर्यंत ते गवतात दडून बसतं, कारण त्याला उडताच येत नाही. तू ऐकून म्हणालीस, "बघ, म्हणजे बदकाची फजिती सगळ्या तळ्याला दिसते." मी म्हटलं, "दिसली तर बिघडलं काय?"

आता दिवाळीचं ऐक. तू माझ्याकडे फराळाला आलीस ती नवे केस घेऊन. मानेपर्यंत, मऊ, कपाळावर थोडे तिरके. बारीकही झाली होतीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून तुला बघितलं आणि पोटात दुखायला लागलं. ह्या वयात ही अशी दिसते, आणि मी तेलकट अंबाडा घालून करंज्या तळते आहे. कुठे कापलेस विचारलं, तर तू खारघरच्या कुठल्या पार्लरचं नाव ठोकून दिलंस. मी शोधत गेले, ताई. ते पार्लर सापडलं नाही. मग पनवेलमध्येच दुसऱ्या एका पार्लरमध्ये बसले, मोबाइलमधला तुझा फोटो दाखवला आणि सांगितलं, सेम असाच. लांबसडक केस होते माझे, ते एकच तुझ्यापेक्षा बरं होतं माझ्याकडे, तेही खुर्चीखाली पडले.

तुला दाखवायला मुद्दाम आले. तू दार उघडलंस, माझ्याकडे बघितलंस आणि हसायला लागलीस. हसत भिंतीला टेकलीस, खाली बसलीस, पदराने डोळे पुसत राहिलीस. मला वाटलं माझी टिंगल चालली आहे. फणफणत मी चहाही न घेता निघाले. सायली तुझ्यामागे उभी होती, ती हसत नव्हती. मला तेव्हा तिचाही राग आला, की मावशी आईला हसते आणि ही पोरगी ढिम्म. आज ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझ्या डोक्यावर केसांचा टोप होता आणि मी तुझ्या टोपावर जळून माझे खरे केस कापून आले होते. तुझी सगळी पिसं गळली होती आणि मी खालून बघून म्हणत होते, काय उडते आहे ही.

तू हे मला का सांगितलं नाहीस? एवढा एक प्रश्न घेऊन मी तुझ्या दहाव्याला तळ्याकाठी बसले होते. तुझे विद्यार्थी आले होते, गाड्या घेऊन, पांढऱ्या कपड्यांत. एकेक जण उठून सांगत होता, मॅडमनी मला पंख दिले. सायलीचं सगळे सांत्वन करून जात होते, जणू तीच तुझी मुलगी. एक बाई माझ्याकडे बघून तिला म्हणाल्या, "ह्या कोण, शेजारी का?" सायली म्हणाली, "माझी मम्मी." तिने 'मावशीची बहीण' असं म्हटलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं. त्या गर्दीत मला कळेना, की मी नक्की कोणावर जळते आहे. माझी मुलगी तुझी झाली म्हणून तुझ्यावर, हे तर जुनंच होतं. पण तिला तुझे ते महिने मिळाले, तुझे टक्कल पडलेले दिवस, तुझ्या ओकाऱ्या, तुझी भीती, हे सगळं तिला मिळालं आणि मला मिळाला तो टोप. मी माझ्या वीस वर्षांच्या पोरीवर जळत होते, ताई. लाज वाटली, पण म्हणून ते थांबलं नाही.

आई सगळ्या विधीभर एका खुर्चीवर बसून होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आये, सायली माझी राहिली नाही गो." तिला बहुतेक नीट ऐकूही आलं नाही, किंवा सगळंच आलं. म्हणाली, "बदकी अंडी घालते नं पान्यात जाते. तिला बसवत नाय. मंग आमी तिची अंडी कोंबरीखाली ठेवाचो. कोंबरी बसाची, तिला काय मायती कुनाची हायत." मी विचारलं, मग पिल्लं कोणाला आई म्हणायची? आई म्हणाली, "पिल्लांना भूक लागते, ती बोलत नाय कोन आई ते." मग तिने डोळे मिटून घेतले. तुला जन्मभर गरुड म्हणवून घ्यायची हौस, आणि तुझ्या आईच्या लेखी तू कोंबडी. तू असतीस तर हे मी तुला लगेच फोन करून सांगितलं असतं. हातात फोन घेतलाही होता.

इथवर तुला सांगून झालं त्याला चार दिवस झाले. सुतक फिटल्यावर काल घरात पहिल्यांदा मासळी आली. मी आणि सायली स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होतो. हात कामात असले की तोंडाला धीर येतो. मी मान वर न करता विचारलं, "मावशी कधी माझं नाव काढायची?"

"रोज," सायली म्हणाली.

मला खरं वाटेना. "काय म्हणायची?"

"भांडायची. सलाइन लावलेलं असायचं ना, तिला जाम बोर व्हायचं. मग बोलायची, चल, तू तुझी आई हो. आणि गरुडावरून सुरू करायची. मला बदकाची बाजू घ्यायला लागायची." तिने एक कोळंबी बाजूला टाकली. "मला काय येतंय? मी आपलं काहीतरी ठोकून द्यायचे. तर म्हणायची, चूक, तुझी आई असलं फालतू उत्तर देणार नाही. मग तीच सांगायची तू काय बोलशील ते. तुझं सगळं पाठ होतं तिला. ते पिसं एकदम गळतात तेपण."

"जिंकायचं कोण?"

"मी. म्हणजे तू. एकदा मला घरी यायचं होतं म्हणून मी पटकन हरले, तर एवढी चिडली. बोलली, तिला हरवायचं असेल तर मी हरवेन, तू नाही."

"मग मला बोलवायचं ना."

सायलीने हातातल्या कोळंबीचा दोरा काढला. "मी बोलले तिला. खूप वेळा. ती बोलायची, नंदी आली तर भांडणार नाही, रडेल. मला तिचं भांडणच पाहिजे."

ताई, मी भांडले असते. कोळंबीच्या पाण्यात हात तसेच ठेवून मी बसले होते आणि मला तुझा असा संताप आला, की काय सांगू. पनवेलहून खारघर म्हणजे आहे किती? डबा घेऊन आले असते, तुझ्या कॉटशेजारी खुर्ची ओढली असती, आणि तुझ्या त्या गरुडाच्या चिंध्या केल्या असत्या. रडले असते मधूनमधून, पण सोडलं नसतं तुला. माझी बाजू होती ती. मी वर्षानुवर्षं जळून, पुस्तकं वाचून, चिखल तुडवून कमावलेली, आणि तू ती एका पोरीला बोलायला लावलीस जिला थापट्या आणि तलवार बदकातला फरकसुद्धा कळत नाही.

मी सायलीला म्हटलं, "आता तू मावशी हो."

तिने माझ्याकडे बघितलं. हात धुतले, ओढणीला पुसले. मग पाठ ताठ केली, हनुवटी जराशी वर, डावी भुवई उचलली, अगदी तुझ्यासारखी, आणि तुझ्याच आवाजात म्हणाली, "काय गं नंदे, तुझ्या बदकाला आयुष्यात मिळालं काय, सांग बघू."

माझं उत्तर तयार होतं, ताई. भांडायला गरुड मिळाला. मी ते तिला दिलं नाही. ते तुला द्यायचं होतं.